तात्पुरते कार्ड क्रमांक : वाचकांच्या शंका, आमची उत्तरे

ऑनलाइन किंवा फोनवरून खरेदी करताना मूळ कार्डाऐवजी तात्पुरता क्रमांक द्यावा का, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. काही पत्रांत खात्याचे तपशील लिहिलेले होते. ते आम्ही नष्ट केले असून असे तपशील कोणालाही पत्रातून कळवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या बँकेच्या ॲपमध्ये ‘व्हर्च्युअल कार्ड’ तयार करण्याची सोय आहे. त्यातून मिळणारा क्रमांक माझ्या प्लास्टिकच्या कार्डावर कोठेही नाही. मग विक्रेत्याला पैसे कसे पोहोचतात? हा क्रमांक बनावट समजून तो नाकारला जाणार नाही का?

उत्तर : कार्डाचा क्रमांक म्हणजे मनाला येईल तसे मांडलेले आकडे नव्हेत. सुरुवातीचे सहा किंवा आठ अंक कार्ड कोणत्या बँकेने दिले आहे हे सांगतात (आठ अंकांची पद्धत एप्रिल २०२२ पासून रूढ झाली), त्यापुढील अंक ग्राहकाचे खाते दाखवतात आणि अगदी शेवटचा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या सर्व अंकांवर ठरावीक गणित केल्यावर तो मिळतो. हे गणित आयबीएममधील हान्स पीटर लुन यांनी मांडले. त्याच्या पेटंटसाठीचा अर्ज १९५४ सालचा असून पेटंट १९६० मध्ये मिळाले. टंकताना एखादा अंक चुकला, तर संकेतस्थळ लगेच ‘क्रमांक अवैध’ असे सांगते, ते याच गणिताच्या आधारे.

तात्पुरता क्रमांकही याच नियमांनी तयार होतो. त्याचे सुरुवातीचे अंक तुमच्या बँकेचेच असतात, पडताळणीचा अंक बरोबर जुळतो, त्याला स्वतःची मुदत आणि स्वतःचा तीन अंकी सीव्हीव्ही (खरेदीच्या वेळी विचारला जाणारा सुरक्षा क्रमांक) असतो. त्यामुळे विक्रेत्याच्या दृष्टीने ते नेहमीचेच कार्ड असते. पैशांची मागणी कार्डाच्या नेटवर्कमधून (म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्यांच्या यंत्रणेतून) बँकेपर्यंत जाते आणि तेथे बँकेची यंत्रणा आपल्या नोंदवहीत पाहते, की हा क्रमांक कोणत्या मूळ खात्याशी जोडलेला आहे. रक्कम त्या खात्यावर पडते. मूळ क्रमांक मात्र या संपूर्ण प्रवासात विक्रेत्याच्या हाती लागतच नाही.

नोंदवही पाहण्याच्या त्याच क्षणी बँक आणखीही काही तपासू शकते : मागणी ठरलेल्या रकमेच्या आत आहे का, ती ठरलेल्या विक्रेत्याकडूनच आली आहे का, क्रमांकाची मुदत उरली आहे का, तो तुम्ही बंद तर केलेला नाही ना. माझ्या मते या सोयीचे खरे मोल याच अटींमध्ये आहे. तात्पुरता क्रमांकसुद्धा चोरीला जाऊ शकतो, कारण तोही शेवटी दुसऱ्याच्या संकेतस्थळावर टंकावा लागतो. परंतु अटी नीट घातलेल्या असतील, तर चोराच्या हाती आलेला क्रमांक त्याला कोठेच वापरता येत नाही. म्हणून क्रमांक तयार करताना ‘मर्यादा’ हा रकाना रिकामा सोडणे म्हणजे या सोयीचा अर्धा लाभ टाकून देणे होय.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकन एक्सप्रेसने २००० साली अशी सेवा सुरू केली होती आणि आयर्लंडमधील ऑर्बिसकॉम ही कंपनी अनेक बँकांना हे तंत्रज्ञान पुरवत होती. पुढे २००९ मध्ये मास्टरकार्डने ती विकत घेतली. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी त्यासाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम बसवावा लागे आणि त्या काळातल्या काही सेवा पुढे बंदही पडल्या. आता हाच क्रमांक फोनवरील ॲपमध्ये काही क्षणांत तयार होतो.

प्रश्न : मी केवळ मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच खरेदी करते आणि पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह आहे याची खात्री करून घेते. तरीही मला तात्पुरत्या क्रमांकाची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि ती का आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०१८ साली ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले आणि त्यांनी संकेतस्थळावरील एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान चालवणाऱ्या संगणकीय आज्ञांमध्ये, स्वतःच्या थोड्याशा ओळी मिसळल्या. प्रवासी तिकिटाचे पैसे भरताना जे टंकत होते, त्याची एक प्रत त्या ओळींमुळे हल्लेखोरांकडे जात होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या चौकशीनुसार सुमारे ४ लाख ३० हजार लोकांच्या माहितीला या हल्ल्यात धोका पोहोचला असावा आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ४४ हजार ग्राहकांच्या बाबतीत नाव, पत्ता, कार्ड क्रमांक आणि सीव्हीव्ही हे सर्वच उघडे पडले असावे. कंपनीला हल्ल्याचा पत्ता दोन महिन्यांहून अधिक काळ लागला नाही आणि जेव्हा लागला, तेव्हाही तो बाहेरच्या माणसाने कळवल्यामुळे. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला.

यात ग्राहकांकडून काहीही चुकलेले नव्हते. संकेतस्थळ खरे होते, कुलपाचे चिन्हही खरे होते. ते चिन्ह एवढेच सांगते, की तुमचा फोन किंवा संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधल्या वाटेवर कोणी माहिती वाचू शकत नाही. पानातच घुसखोर बसला असेल, तर ते चिन्ह काही करू शकत नाही. कार्डांच्या सुरक्षेचे जे जागतिक नियम आहेत, त्यांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवून ठेवण्यास विक्रेत्याला मनाई आहे आणि तो नियम चांगलाच आहे. परंतु येथे तर तो टंकतानाच उचलला जात होता, साठवण्याचा प्रश्नच आला नाही.

दुसरा धोका याहून वेगळा आहे, कारण त्यात क्रमांक कोठूनही चोरावा लागत नाही, केवळ अंदाज बांधावा लागतो. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की कार्डाचा क्रमांक हाती असल्यास त्याची मुदत आणि सीव्हीव्ही वेगवेगळ्या संकेतस्थळांवर थोडे थोडे प्रयत्न करून शोधता येतात. मुदत बहुधा पाच वर्षांच्या आतली असल्याने साठ प्रयत्न पुरतात, तर तीन अंकी सीव्हीव्हीसाठी फार तर एक हजार. एकच संकेतस्थळ इतके प्रयत्न करू देणार नाही, परंतु शेकडो संकेतस्थळांवर ते वाटून दिले, की व्हिसाच्या यंत्रणेला तेव्हा संशय येत नव्हता (मास्टरकार्डची यंत्रणा मात्र असे प्रयत्न ओळखत होती) आणि सगळे काम काही सेकंदांत उरकत होते. आता एकाच विक्रेत्याला बांधलेल्या तात्पुरत्या क्रमांकाचा विचार करा. इतर सर्व ठिकाणचे प्रयत्न बँक विक्रेता पाहूनच नाकारते, आणि विखुरलेल्या प्रयत्नांवर उभा असलेला हा हल्ला तेथेच कोसळतो.

प्रश्न : एकदाच वापरता येणारा क्रमांक सर्वांत सुरक्षित, असे मला सांगण्यात आले होते. मी तसा क्रमांक देऊन काही पुस्तके मागवली. अर्धी पुस्तके आली आणि उरलेल्या पुस्तकांची मागणी ‘पैसे भरले गेले नाहीत’ या कारणाने रद्द झाली. असे का झाले?

उत्तर : अनेक विक्रेते मागणी नोंदवताना पूर्ण रक्कम घेत नाहीत. त्या वेळी ते कार्ड चालू आहे एवढेच तपासतात आणि वस्तू गोदामातून निघताना पैसे घेतात. पुस्तके दोन खेपांत निघाली, म्हणजे पैशांची मागणीही दोनदा झाली. पहिल्या मागणीनंतर तुमचा क्रमांक संपलेला असल्याने दुसरी मागणी फेटाळली गेली. काही ठिकाणी तर सुरुवातीच्या तपासणीसाठी घेतलेली नाममात्र रक्कमच ‘एकदाच’ची संधी खर्चून टाकते आणि खरी खरेदी अडते.

म्हणून, बँकेने दोन्ही प्रकार दिले असतील तर बहुतेक खरेदीसाठी एकाच विक्रेत्याला बांधला जाणारा क्रमांक निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली मागणी ज्या विक्रेत्याकडून येते त्याच्याशी हा क्रमांक जोडला जातो आणि त्यानंतर अन्य कोणालाही तो वापरता येत नाही. दोन खेपा असोत वा तीन, मर्यादेत बसत असतील तोवर पैसे जातात. एकदाच वापरायचा क्रमांक अशा ठिकाणी योग्य ठरतो, जेथे वस्तू एकच आहे, पैसे तत्काळ घेतले जातात आणि त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाण्याचा तुमचा विचार नाही.

मर्यादा ठरवताना वस्तूच्या किमतीवर थोडी जागा सोडावी. कर, पाठवणीचा खर्च आणि परकीय चलन असल्यास विनिमय दरातील चढउतार यांसाठी दहा-पंधरा टक्के जास्तीची मर्यादा साधारणतः पुरते. तपासणीसाठी रोखून ठेवलेली रक्कमही काही दिवस मर्यादेतून वजा झालेली दिसते, तेव्हा नकार आल्यास घाबरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी ॲपमध्ये किती रक्कम अडकली आहे ते पाहावे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. विक्रेत्याला बांधला जाणारा क्रमांक ‘पहिल्या’ विक्रेत्याला बांधला जातो, आणि तो पहिलाच भामटा निघाला तर क्रमांक त्या भामट्याशीच जोडला जाईल. अशा वेळी तुम्हाला वाचवते ती केवळ रकमेची मर्यादा. दुसरे असे, की ज्या बाजारपेठेसारख्या संकेतस्थळांवर अनेक स्वतंत्र विक्रेते असतात, तेथे पैशांची मागणी कधी संकेतस्थळाच्या नावाने येते, कधी विक्रेत्याच्या, तर कधी पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या नावाने. त्यामुळे एकाच संकेतस्थळावरील दुसरी खरेदी नाकारली गेली, तर त्यात संशयास्पद असे काही असेलच असे नाही.

प्रश्न : वस्तू परत केली आणि तोवर तात्पुरता क्रमांक बंद झालेला असेल, तर पैसे बुडतील का?

उत्तर : बहुतेक वेळा बुडत नाहीत. परताव्याचा संदेशही त्याच क्रमांकावर बँकेकडे येतो आणि क्रमांक बंद असला तरी बँकेच्या नोंदवहीत तो कोणत्या खात्याचा होता हे लिहिलेले असते. त्यावरून रक्कम मूळ खात्यात जमा होते. तरीही प्रत्येक बँकेची रीत सारखी नसते. एखाद्या ठिकाणी असा परतावा फेटाळला जातो आणि मग विक्रेत्याला दुसऱ्या मार्गाने पैसे द्यावे लागतात, ज्यात पत्रव्यवहार आणि वेळ दोन्ही जातात.

यावर साधा उपाय असा, की वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत क्रमांक कायमचा मिटवू नये. ॲपमध्ये तो तात्पुरता थांबवण्याची सोय असेल, तर तो थांबवून ठेवावा. कोणत्या खरेदीसाठी कोणता क्रमांक दिला, त्याचे शेवटचे चार अंक खरेदीच्या पावतीबरोबर लिहून ठेवावेत, कारण विक्रेत्याशी बोलताना तो ‘कार्डाचे शेवटचे चार अंक सांगा’ असेच विचारणार आणि तुम्ही सवयीने प्लास्टिकच्या कार्डावरचे अंक सांगाल. वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर बँकेकडे तक्रार करण्याचा हक्क तात्पुरत्या क्रमांकावरही तसाच राहतो. मोठ्या कार्ड नेटवर्कच्या नियमांत अनेक प्रकारच्या तक्रारींसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, परंतु आपल्या बँकेची अट त्याहून कडक असू शकते. म्हणून तक्रार लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : ‘पहिला महिना विनामूल्य’ अशा सेवा घेताना तात्पुरता क्रमांक द्यायचा आणि महिना संपण्याआधी तो बंद करायचा, हे योग्य आहे का?

उत्तर : अर्धवट योग्य आहे. क्रमांक बंद केला, की नव्या मागण्या नाकारल्या जातात आणि विसरून गेलेल्या वर्गणीचे पैसे महिनोन्महिने जात राहण्याचा त्रास टळतो. हे मोठेच संरक्षण आहे. परंतु क्रमांक बंद करणे आणि करार संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सेवेच्या अटी मान्य केलेल्या असतात आणि पैसे घेता आले नाहीत म्हणून देणे आपोआप संपत नाही. काही कंपन्या खाते थांबवून विषय सोडून देतात, तर काही थकबाकीची नोटीस पाठवतात. म्हणून आधी सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन वर्गणी रीतसर रद्द करावी, त्याची पोच जपून ठेवावी आणि मग क्रमांक बंद करावा. रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड करून ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्या बाबतीत बंद केलेला क्रमांक तुमच्या बाजूने उभा राहतो.

येथे आणखी एक माहिती उपयोगी पडेल. प्लास्टिकचे कार्ड बदलले, की जुन्या वर्गण्या आपोआप थांबतील असे अनेकांना वाटते. परंतु मोठ्या नेटवर्कांकडे नव्या कार्डाचा क्रमांक नियमित पैसे घेणाऱ्या विक्रेत्यांना कळवण्याची सेवा असते. त्यामुळे कार्ड बदलूनही वर्गणी चालूच राहिल्याचे अनुभव येतात. प्रत्येक वर्गणीसाठी आरंभापासूनच वेगळा तात्पुरता क्रमांक असेल, तर कोणाला काय दिले आहे हे तुमच्या नजरेसमोर राहते.

प्रश्न : हॉटेल किंवा भाड्याची मोटार आरक्षित करताना हा क्रमांक चालतो का?

उत्तर : आरक्षणाच्या वेळी चालतो, परंतु तेथे पोहोचल्यावर ज्या कार्डाने आरक्षण केले तेच कार्ड प्रत्यक्ष दाखवा, असे अनेकदा सांगितले जाते. शिवाय अनामत म्हणून मोठी रक्कम रोखली जाते आणि ती मर्यादेत बसत नाही. अशा व्यवहारांसाठी मूळ कार्डच द्यावे.

प्रश्न : फोन यंत्राजवळ धरून पैसे देताना मूळ क्रमांक दुकानदाराकडे जात नाही, असे वाचले. तोही तात्पुरता क्रमांकच का?

उत्तर : तो टोकन नावाचा प्रकार आहे. मूळ क्रमांकाच्या जागी दुसरा क्रमांक ठेवणे ही कल्पना दोहोंत समान असली, तरी टोकन त्या एका फोनशी किंवा एका विक्रेत्याशी जोडलेले असते आणि फोनमधल्या टोकनाबरोबर प्रत्येक व्यवहारासाठी नवे सांकेतिक उत्तर तयार होते. त्या उत्तराशिवाय टोकन निरुपयोगी असते. टोकन कसे चालावे याचे सामाईक तांत्रिक नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे फोनमधून थेट पैसे देण्याचा पर्याय संकेतस्थळावर आहे, तेथे तो तात्पुरत्या क्रमांकाहूनही बरा, कारण तेथे टंकण्यासारखे आणि म्हणून चोरण्यासारखे काही नसते. तात्पुरता क्रमांक उपयोगी पडतो तो अशा ठिकाणी, जेथे सोळा अंक भरायचा रकाना एवढाच मार्ग उघडा असतो.

प्रश्न : माझी बँक ही सोय देत नाही. एक स्वतंत्र कंपनी देते, परंतु ती माझ्या बँक खात्याची जोडणी मागते. विश्वास ठेवावा का?

उत्तर : येथे तुम्ही अनेक विक्रेत्यांवरचा विश्वास काढून एका मध्यस्थावर ठेवत आहात, एवढे आधी लक्षात घ्यावे. तुमची प्रत्येक खरेदी त्या कंपनीला दिसते. पैसे थेट बचत खात्यातून जात असतील, तर क्रेडिट कार्डावर मिळणारे कायदेशीर संरक्षण बहुधा मिळत नाही आणि मूळ क्रेडिट कार्ड जोडले असले, तरी मध्ये तिसरा पक्ष आल्यामुळे त्या संरक्षणात अडथळा येऊ शकतो. कंपनीला तुमच्या देशातील नियामकाची परवानगी आहे का, पैसे कोणत्या बँकेत ठेवले जातात आणि तक्रारीचे उत्तर माणूस देतो का, एवढे तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. जोडणीसाठी ती तुमचा नेट बँकिंगचा पासवर्ड स्वतःच्या पानावर टंकायला सांगत असेल, तर माझे उत्तर नकारार्थी आहे. तसे करण्यापेक्षा एक वेगळे, कमी मर्यादेचे कार्ड घेऊन तेच ऑनलाइन खरेदीसाठी राखून ठेवणे अधिक चांगले.

प्रश्न : माझे वडील वयस्कर आहेत आणि औषधे व इतर वस्तू फोनवरूनच मागवतात. पलीकडच्या माणसाला ते कार्डाचा पूर्ण क्रमांक वाचून दाखवतात, याची मला सतत धास्ती वाटते. त्यांना हे सर्व कसे शिकवावे?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. फोनवर सांगितलेला क्रमांक पलीकडे कागदावर लिहिला जातो की थेट यंत्रात भरला जातो, हे आपल्याला दिसत नाही आणि तो कागद पुढे कोठे जातो हेही कळत नाही. ॲप वापरायला त्यांना शिकवण्याचा आग्रह धरू नये. ते ज्या दुकानांतून नियमित वस्तू मागवतात, त्या प्रत्येकासाठी त्यांच्याच फोनवर, त्यांच्यासमोर बसून एकेक क्रमांक तयार करावा, त्याला महिन्याच्या खर्चाइतकी मर्यादा घालावी आणि मोठ्या अक्षरांत दुकानाच्या नावासह तो लिहून फोनजवळ ठेवावा. मूळ कार्डाचा क्रमांक असा लिहून ठेवणे मी कोणालाही कधीच सुचवले नसते, परंतु एका दुकानाला बांधलेल्या आणि मर्यादा असलेल्या क्रमांकाच्या बाबतीत तो धोका फारच लहान उरतो. पहिली खरेदी मात्र तुमच्या उपस्थितीत करावी, म्हणजे क्रमांक योग्य दुकानाशी जोडला गेला आहे याची खात्री होईल.

एक गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागेल. ‘बँकेतून बोलतो आहे, तुमचे व्हर्च्युअल कार्ड बंद पडणार आहे, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो बँकेचा नसतो. तात्पुरता क्रमांक विक्रेत्याच्या हातून होणाऱ्या गळतीपासून वाचवतो. ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड स्वतःच सांगून टाकला, तर भामटा त्या आधारे नवे क्रमांकही तयार करू शकतो. असा फोन आल्यास काही न बोलता तो ठेवून द्यावा, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः बँकेला फोन करावा आणि त्यानंतर तुम्हाला कळवावे, एवढा क्रम त्या कागदावरच, दुकानांच्या नावांखाली लिहून द्यावा.